मोटार, बंदूक आणि पडद्यावरच्या नायिका : हिंगणघाटचे हौशी मुरलीधर

बाबा आमटे हे नाव उच्चारताच महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. अंगात खादीची बंडी, अर्धी चड्डी, पाठीच्या दुखण्यामुळे आडवे पडलेले शरीर आणि भोवती झडलेल्या बोटांची, पण कामात गढलेली माणसे. हे चित्र खरे आहे, परंतु ते उत्तरार्धाचे आहे. पूर्वार्धात याच माणसाजवळ स्वतःची बंदूक होती, बिबट्याच्या कातड्याने मढवलेल्या बैठकीची स्पोर्ट्‌स मोटार होती आणि हॉलिवूडच्या नायिकांशी पत्रव्यवहार करण्याइतका चित्रपटांचा नाद होता. त्या काळच्या मध्य प्रांतात एखाद्या तरुणाने हौसेच्या म्हणून ज्या ज्या गोष्टी कराव्यात, त्या सर्व मुरलीधर देविदास आमटे यांनी मनसोक्त केल्या होत्या. आनंदवनाच्या गौरवगाथेत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. पुढच्या त्यागाला उठाव यावा म्हणून आधीचे ऐश्वर्य सांगायचे आणि पुढे जायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. बाबांच्या बाबतीत ती थोडी अन्यायाची ठरते.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. वणा नदीकाठचे हे गाव तेव्हा कापसासाठी दूरवर प्रसिद्ध होते. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाई. गावात कापडगिरण्या होत्या आणि वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळसा खाणीकडे गेलेला लोहमार्ग गावावरून जात होता. वडील देविदासपंत सरकारी महसूल खात्यात अधिकारी होते. शिवाय वरोऱ्याच्या बाजूला गोरजा येथे घराण्याची मोठी शेतीवाडी होती. सत्ता आणि जमीन दोन्ही एकाच घरात असल्यावर थोरल्या मुलाचे लाड व्हावेत यात नवल ते काय? आठ भावंडांत मुरलीधर सर्वांत मोठे. घरातली माणसे त्यांना लहानपणापासूनच बाबा म्हणत. पुढे लोकांना वाटले की हे नाव साधुत्वामुळे मिळाले असावे. वस्तुतः ते लाडक्या लेकराचे घरगुती नाव होते.

वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्यांच्या हाती स्वतःची बंदूक आली होती आणि अस्वल, हरीण यांची शिकार ते करू लागले होते. मोटार चालवण्याचे वय होताच सिंगर बनावटीची स्पोर्ट्‌स गाडी दारात आली. शिवणयंत्रामुळे सिंगर हे नाव आपल्याकडे घरोघरी परिचित आहे, पण ही गाडी निराळ्या कारखान्याची, इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीची. तो कारखाना सायकलींपासून सुरू होऊन मोटारींपर्यंत पोहोचला होता आणि छोट्या, चपळ गाड्यांसाठी तरुणांत लोकप्रिय होता. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी आखलेल्या त्या मुलखात अशी गाडी धूळ उडवीत निघाली की बघणाऱ्यांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करता येते. गाडीतील गाद्यांना बिबट्याचे कातडे होते. आजच्या वाचकाला ही गोष्ट खटकेल. त्या काळी मात्र श्रीमंतीची ती सर्वमान्य खूण होती.

लाडांच्या या कोंडाळ्यात एक वेगळा धागाही होता. जमीनदाराच्या मुलाने खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत मिसळू नये, नोकरांच्या पंगतीला बसू नये, हा घरचा दंडक होता. तो बाबांनी कधी पाळला नाही. गड्यांच्या घरी जाऊन जेवायचे आणि घरी येऊन शिक्षा सोसायची, हा क्रम चालू राहिला. एका दिवाळीची आठवण त्यांच्या चरित्रांतून वारंवार येते. खिशात नाण्यांची चळत घेऊन बाजारात निघालेल्या या मुलाला रस्त्याच्या कडेला एक आंधळा भिकारी दिसला. मुलाने मूठभर नाणी त्याच्या भांड्यात ओतली. भांडे एकदम जड झाल्याने त्या भिकाऱ्याला वाटले की कुणीतरी थट्टेने दगड टाकले. दगड नसून पैसे आहेत, हे पटवून दिल्यावर तो नाणी पुन्हा पुन्हा चाचपून मोजू लागला. मुलगा घरी परतला तो रडवेला होऊन. देण्याच्या आनंदापेक्षा त्या अविश्वासाचा चटका त्याला अधिक बसला होता.

शिक्षणासाठी नागपूर. तेथील मिशनरी शाळा आणि पुढे महाविद्यालय. डॉक्टर व्हावे अशी त्यांची स्वतःची इच्छा होती, परंतु वडिलांनी वकिलीचा आग्रह धरला आणि मुलाने तो मानला. १९३४ मध्ये ते बी. ए. झाले आणि १९३६ मध्ये एल्‌एल. बी. अभ्यासाची ही वर्षे सिनेमाच्या दृष्टीने विलक्षण होती. १९२७ साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' पडद्यावर बोलू लागला. १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला, तेव्हा बाबा सोळा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. मूकपटांच्या जगात वाढलेल्या पिढीला एकाएकी आपल्या आवडत्या चेहऱ्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. कुणाचे आवाज चेहऱ्याला शोभले, कुणाचे नाहीत. कित्येक नामवंतांची कारकीर्द त्या एका कसोटीवर संपली. ग्रेटा गार्बो त्या कसोटीला उतरली. १९३० च्या 'अॅना ख्रिस्ती' या बोलपटात तिचा जाडसर, खोल आवाज ऐकण्यासाठी जगभर रांगा लागल्या. नॉर्मा शिअररला त्याच सुमारास 'द डिव्होर्सी'साठी ऑस्कर मिळाले.

नागपुरातला हा विद्यार्थी असले चित्रपट केवळ पाहून स्वस्थ बसला नाही. 'पिक्चरगोअर' हे ब्रिटनमधील लोकप्रिय चित्रपटविषयक नियतकालिक. त्याच्यासाठी तो इंग्रजीत परीक्षणे लिहू लागला आणि गार्बो व शिअरर या दोघींशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नव्हे. टपाल बोटीने जाई. पत्र पाठवायचे आणि उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहायची, असा तो काळ. मध्य प्रांतातील एका कोपऱ्यातून अशा व्यक्तींशी संवाद साधायचा, तर नुसते कौतुक पुरत नाही. चित्रपट बारकाईने पाहिलेला असावा लागतो, आणि पाहिलेले नेमके शब्दांत उतरवता यावे लागते. चेहरा वाचणे हे परीक्षकाचे मुख्य काम. गार्बोसारखी अभिनेत्री तर संवादापेक्षा चेहऱ्यानेच बोलत असे. पडद्यावर अनेक पट मोठा होऊन आलेला माणसाचा चेहरा डोळे न हलवता पाहण्याची सवय या तरुणाला ऐन विशीत लागली. पुढे ज्या चेहऱ्यांकडे गाव पाठ फिरवून निघून जात असे, त्यांच्याकडे पाहण्याची पाळी त्याच्यावर यायची होती. तेव्हा ही सवय किती उपयोगी पडली, हे सांगणे अवघड आहे. पहिल्या खेपेला तर ती मुळीच उपयोगी पडली नाही.

वाचनाचा नाद सिनेमाइतकाच दांडगा होता. मार्क्स, क्रोपोटकिन, रस्किन यांची पुस्तके त्यांनी तरुणपणी वाचली. रवींद्रनाथांच्या कवितेची मोहिनी पडून ते शांतिनिकेतनला जाऊन आले. देशभर भटकंती केली. साने गुरुजींच्या सहवासाने मनाची एक बाजू ओलावली. आणि मग अगदी घराजवळ, वर्ध्याच्या परिसरातच, देशाचे लक्ष वेधून घेणारा माणूस राहायला आला. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावच्या माळावर झोपडी बांधून राहू लागले. त्याच शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. हिंगणघाटचे शौकीन वकील तिकडे जाऊ लागले.

येथे एक गमतीची विसंगती आहे. गांधीजींना सिनेमाचे जराही प्रेम नव्हते. १९२७ साली सरकारने नेमलेल्या चित्रपट समितीने मत विचारले, तेव्हा आपण कधी सिनेमाला गेलो नाही आणि या प्रकारातून समाजाचे नुकसानच होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. आयुष्याच्या अखेरीस, १९४४ मध्ये, जुहूला मुक्काम असताना त्यांनी 'रामराज्य' पाहिला, तो अपवाद. अशा माणसाच्या आश्रमात 'पिक्चरगोअर'चा परीक्षक येऊन बसला होता. तेथे चरखा होता, मातीची घरे होती, संडाससफाई सर्वांना सारखी होती. बाबांवर या साऱ्याचा खोल परिणाम झाला. तरी ते एका रात्रीत बदलले, असे मानण्याचे कारण नाही. बदल व्हायला दहा-बारा वर्षे लागली, आणि ती वर्षे ओढाताणीची होती.

वकिलीची सुरुवात दुर्ग येथे झाली. १९४० च्या सुमारास घरची शेतीवाडी सांभाळण्यासाठी ते वरोऱ्याला आले. फौजदारी खटल्यांत त्यांचे नाव झाले, पैसा आला, शिकारी आणि क्लब यांत दिवस जाऊ लागले. पण हिशेब मनात टोचू लागला. न्यायालयात पंधरा मिनिटे बोलण्याचे पन्नास रुपये मिळत आणि शेतात बारा तास राबणाऱ्या मजुराच्या हातावर बारा आणे पडत. शिवाय ज्याला सोडवून आणले तो गुन्हेगारच होता, हे ठाऊक असताना सुटकेच्या मेजवानीत हसत बसणे त्यांना जमेना. वडिलांच्या शब्दाखातर पत्करलेला हा व्यवसाय त्यांच्या अंगाला कधी बसलाच नाही.

१९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्यांचे खटले लढवण्यासाठी त्यांनी वकिलांची फळी उभी केली आणि त्यात ते स्वतःही गजाआड गेले. योगायोग असा, की ज्या दोन अभिनेत्रींना हा हौशी परीक्षक पत्रे लिहीत असे, त्यांनीही याच सुमारास पडद्याचा निरोप घेतला. गार्बोचा शेवटचा चित्रपट १९४१ चा, शिअररचा १९४२ चा. एक युग दोन्हीकडे संपले.

याच काळातली आगगाडीतली हकिगत प्रसिद्ध आहे. डब्यात गोरे सैनिक एका तरुणीची छेड काढीत होते. बाकीचे प्रवासी गप्प होते. बाबा मध्ये पडले, त्यांनी मार खाल्ला, पण मागे हटले नाहीत. ही वार्ता सेवाग्रामला पोहोचली आणि गांधीजींनी त्यांना अभय साधक ही पदवी दिली. चौदाव्या वर्षी अस्वलासमोर बंदूक घेऊन उभे राहिलेल्या माणसाला ती शोभण्यासारखीच होती. पुढे तिचेच ओझे होणार होते.

त्यानंतर हौसेच्या वस्तू एकेक करून सुटत गेल्या. दाढी-जटा वाढल्या, ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय झाला. तो निश्चय नागपूरच्या एका लग्नघरात मोडला. घरात पाहुण्यांची वर्दळ असताना एक मुलगी सर्वांची नजर चुकवून म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करीत होती. ती इंदू घुले. बाबांनी तिच्या वडीलधाऱ्यांकडे मागणी घातली. शास्त्र्यांच्या सोवळ्या घरात या जटाधारी वकिलाचे स्वागत कसे झाले असेल, हे सांगायला नको. तरी १८ डिसेंबर १९४६ रोजी लग्न झाले आणि इंदूच्या साधनाताई झाल्या. वरोऱ्यात श्रमाश्रम नावाचे एकत्र कुटुंब उभे राहिले. त्यात हरिजन होते, मुसलमान होते, मिळकत सर्वांची होती. प्रयोग फार काळ चालला नाही. साधनाताईंनी 'समिधा' या आत्मकथनात त्या दिवसांविषयी जे लिहिले आहे ते वाचले, म्हणजे नवऱ्याच्या ध्येयवादाची किंमत घरातल्या बाईला कशी मोजावी लागते, हे कळते. बाबांच्या चरित्रकारांनी ही बाजू आणखी विस्ताराने मांडायला हवी होती.

बाबा वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांनी त्यांना विचारले असेल वा नसेल, पण मैला डोक्यावरून वाहण्याचे काम किती हीन आहे, हे स्वतः केल्याशिवाय कळणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि नऊ महिने पहाटे उठून रोज चाळीसेक संडासांचा मैला टोपलीतून वाहिला. कातड्याच्या गादीवर बसून ज्या रस्त्यांनी मोटार हाकली, तसल्याच रस्त्यांनी ही टोपली निघाली.

आणि एका पावसाळी रात्री या कामावरून परतताना रस्त्याकडेच्या गटारात काहीतरी चिंध्यांचे गाठोडे पडलेले दिसले. गाठोडे हलले. तो माणूस होता. हातापायांची बोटे झडलेली, चेहऱ्यावर नाकाच्या जागी भोके, जखमांत किडे. त्याचे नाव तुळशीराम. बाबांनी त्याच्याकडे पाहिले आणि ते पळत सुटले.

हे पळणे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांच्या साऱ्या आयुष्याची गाठ येथे आहे. रानात अस्वलाला, आगगाडीत बंदुकधारी सैनिकांना न भ्यालेला माणूस एका निरुपद्रवी, मरणासन्न जिवाला भ्यायला. जनावराचे भय निराळे असते. ते बंदुकीच्या टप्प्यात असते, त्यात हौस असते, परत येऊन सांगायला गोष्ट असते. येथे भय होते ते आपलेही शरीर असे होईल, याचे. अभय साधक ही पदवी खोटी ठरली होती आणि हे त्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हते. घरी जाऊन ते गप्प बसले असते, तर कुणी विचारलेही नसते.

ते परत गेले. तुळशीरामच्या अंगावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले, धुतले, पुसले. तुळशीराम लवकरच गेला. पण बाबांची भीती गेली नव्हती, आणि नुसत्या दयेने ती जाणारही नव्हती. काही महिने हा तडफडाट चालू होता. अखेर त्यांनी ठरवले की जेथे भीती आहे तेथेच राहायला जायचे. साधनाताईंजवळ त्यांनी मन मोकळे केले. पदरी दोन तान्ही मुले, विकास आणि प्रकाश. कुष्ठरोग म्हणजे काय, हे साऱ्या जगाप्रमाणे त्यांनाही ठाऊक होते. त्या हो म्हणाल्या. या एका होकारावर पुढचे सारे उभे आहे.

वर्धा जिल्हा या बाबतीत आधीच पुढे होता. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ पासून कुष्ठधाम चालवले होते. कुष्ठरोग्यांची सेवा कुणा परदेशी मिशनऱ्याऐवजी एक भारतीय कार्यकर्ता करतो, ही गोष्ट तेव्हा अपूर्व होती. बाबांनी तेथील काम जवळून पाहिले. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरील अभ्यासक्रम पुरा केला. वडिलांच्या आग्रहापुढे तरुणपणी राहून गेलेले वैद्यक अशा वळणाने त्यांच्या वाट्याला आले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, ही संशोधकांची मोठी अडचण होती. माणसाच्या शरीरात ते वाढतात का हे पाहण्यासाठी कुणीतरी हवे होते. बाबांनी आपला दंड पुढे केला. जंतू टोचले गेले, रोग झाला नाही. या प्रयोगाकडे शास्त्राच्या अंगाने पाहता येते, किंवा गटाराकडेच्या त्या रात्रीला स्वतःच्या शरीराने दिलेले उत्तर म्हणूनही.

सल्फोन वर्गातील डॅप्सोन हे औषध तेव्हा नुकतेच हाती आले होते. शतकानुशतके असाध्य मानलेला रोग बरा होऊ शकतो, हे प्रथमच दिसू लागले होते. बाबांनी वरोऱ्याभोवतीच्या गावांत आठवड्याचे दवाखाने सुरू केले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. पैसा मुळीच नव्हता. अशा वेळी परदेशातून मदतीचा हात पुढे करणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत नॉर्मा शिअरर होती, अशी नोंद बाबांच्या चरित्रात आढळते. पडद्यावरून निवृत्त झालेल्या त्या अभिनेत्रीने मध्य प्रांतातल्या आपल्या जुन्या परीक्षकाची आठवण ठेवली होती. विशीतल्या एका हौसेतून जुळलेला धागा असा कुष्ठरोग्यांच्या झोपडीपर्यंत येऊन पोहोचला.

वरोऱ्याबाहेर सरकारने दिलेली पन्नास एकर जमीन म्हणजे दगड, काटेरी झुडपे, साप आणि विंचू. रात्री बिबट्यांचा वावर. ज्याच्या मोटारीत कधी काळी बिबट्याचे कातडे अंथरलेले होते, तो आता उघड्या झोपडीत बायकामुलांसह झोपत होता, आणि बंदूक जवळ नव्हती. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये, एवढ्या भांडवलावर सारे सुरू झाले. तेलंगणातील पदयात्रेहून परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते जून १९५१ मध्ये आनंदवनाचे उद्‌घाटन झाले. पहिले काम विहिरीचे. बोटे नसलेल्या हातांनी, उसन्या अवजारांनी, उन्हाळ्यात खडक फोडायचा. पाणी लागले आणि पहिले पीक आले.

मग निराळीच अडचण आली. भाजी उत्तम पिकली, पण वरोऱ्यात ती कुणी विकत घेईना. महारोग्यांच्या हातची भाजी घरात कशी आणायची? १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक श्रमदानासाठी आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी इमारती बांधल्या, रुग्णांबरोबर राबले आणि तीच भाजी खाल्ली. गोरे लोक खातात हे पाहिल्यावर गावाची भीड चेपली आणि बाजार उघडला. आपल्या समाजाविषयी ही घटना बरेच काही सांगून जाते, आणि ते फारसे भूषणावह नाही. दहा-बारा वर्षांनी त्याच आनंदवनातील हातांनी महाविद्यालय उभारले आणि त्यात वरोऱ्याची निरोगी मुले शिकू लागली.

रसिक माणूस आश्रमात गेला की कोरडा होतो, असा एक समज आहे. आनंदवन पाहिलेल्यांना तो टिकवता येत नाही. तेथे पहिल्यापासून फुलांचे ताटवे होते, हातमाग होते, हस्तकला होती. वर्षाकाठी मित्रमेळावा भरू लागला आणि महाराष्ट्रातील लेखक, गायक, नट तेथे येऊ लागले. पु. ल. देशपांडे तर आनंदवनाचे घरचेच झाले. पुढे विकास आमटे यांच्या पुढाकाराने अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंतांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि ज्यांच्याकडे पाहायला लोक तयार नव्हते, ती माणसे रंगमंचाच्या उजेडात उभी राहून टाळ्या घेऊ लागली. बाबा स्वतः कविता लिहीत. 'ज्वाला आणि फुले' या संग्रहातील त्यांची भाषा भरजरी, कधी कधी अतिभरजरी आहे. समीक्षकांना ती जड वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही. पण दगड फोडणाऱ्या माणसांत राहून कुणी इतके रंगीत लिहावे, यातून जुना शौकीन आत शाबूत होता, हे दिसते. त्याची हौस वस्तूंवरून उठून माणसांवर बसली होती, इतकेच.

आनंदवनापाठोपाठ १९६७ मध्ये सोमनाथ आणि १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. तोवर बाबांच्या मानेचे आणि पाठीचे मणके निकामी होत चालले होते. शस्त्रक्रिया झाल्या, पण बसणे कायमचे गेले. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच दोन पर्याय उरले. वेगाची चटक लागलेल्या माणसाला याहून कठोर शिक्षा कोणती असेल? त्यांनी तरीही प्रवास थांबवला नाही. १९८५ च्या डिसेंबरात शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाल्या. पंजाब जळत होता आणि देश जोडण्याची भाषा कुणाच्या तोंडी नव्हती. त्या यात्रेसोबत बिछाना बसवलेल्या गाडीत आडवे पडून, सत्तरी ओलांडलेले बाबा देश ओलांडत होते. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली. विशीतल्या सिंगर मोटारीनंतर त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची ठरलेली ही दुसरी गाडी.

मानसन्मान चालून आले. १९७१ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये मॅगसेसे, १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९९० मध्ये टेम्पल्टन. त्याच १९९० मध्ये, सर्व काही स्थिरस्थावर झाले असताना, त्यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदाकाठी कसरावद येथे झोपडी बांधून धरणग्रस्तांच्या बाजूने जाऊन राहिले. पुढच्या वर्षी दोन्ही पद्म किताब सरकारला परत केले. धरणाच्या बाजूने बोलणारे त्यांचे चाहतेही या निर्णयाने दुखावले. काहींनी आनंदवनाकडे पाठ फिरवली. कसरावदचे ते वास्तव्य सुमारे दशकभर चालले, धरण उभे राहिलेच.

शिकारीच्या हौसेचे काय झाले, तेही सांगायला हवे. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना थाटला, तेव्हा माडिया आदिवासी पोटासाठी शिकार करीत. मारलेल्या जनावरांची अनाथ पिल्ले मागे राहत. प्रकाश यांनी ती मागून आणायला सुरुवात केली. अस्वले आली, हरणे आली, बिबटे आले. ज्यांच्यावर आजोबांच्या काळात बंदूक रोखली गेली होती, ती जनावरे आता आमट्यांच्या अंगणात नातवंडांबरोबर वाढू लागली. प्रकाश यांच्या या आयुष्यावर २०१४ मध्ये चित्रपटही निघाला आणि नाना पाटेकर यांनी त्यात त्यांची भूमिका केली. 'पिक्चरगोअर' कधीच, १९६० साली, बंद पडले होते. त्याच्या वऱ्हाडाशेजारच्या परीक्षकाला हा चित्रपट पाहायला मिळाला नाही.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. वय ९३ वर्षांचे होते. शरीर जाळून लाकूड वाया घालवू नये, ते मातीत मिसळून तिच्या उपयोगी पडावे, ही त्यांची इच्छा होती. त्यानुसार ज्या जमिनीतून कधी काळी खडक फोडून पाणी काढले, तिच्यातच त्यांना पुरण्यात आले. तीन वर्षांनी, ९ जुलै २०११ रोजी, साधनाताईही गेल्या.